उकळी आली की ज्योत पिवळी पडते: प्रोपेन बर्नरचं दर वेळचं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. बिअर करायला उघड्यावर बर्नर मांडला, पाणी तापायला ठेवलं, सगळं झकास. ज्योत निळी, आवाज दमदार. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून झालं, वॉर्ट (त्याचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) गाळून भांडं पुन्हा चढवलं, उकळी आली म्हणून गॅस बारीक केला, आणि दहा मिनिटांत ज्योतीला पिवळ्या जिभा फुटल्या. तासाभरानं भांडं उतरवलं तर बूड काळंकुळकुळीत, हात लावावा तिथे काजळी. मग तुम्ही बर्नरचं हवेचं शटर फिरवलं, ज्योत परत निळी झाली, जीव भांड्यात पडला. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे सात-आठ खेपा चाललं. रेग्युलेटर बदलून पाहिला, नळी बदलली, सिलिंडरला दोष दिला. शेवटी नवा बर्नर आणला आणि तिसऱ्या खेपेला तोही पिवळा पडला, तेव्हा कुठे लक्षात आलं की बर्नर बिचारा निर्दोष आहे. मी शटर फिरवून त्याची ज्योत जुळवत होतो भर दुपारी, वर भांडं नसताना, बर्नर थंड असताना आणि गॅस पूर्ण सोडून. वापरत मात्र होतो भांड्याखाली, तापलेला आणि बारीक केलेला. अशानं ती जागेवर राहणार कशी? तुमचं कारण वेगळं निघालं तर बाकीची कारणंही पुढे दिली आहेत, पण आधी हे तपासा. दहातल्या सात वेळा गाडी इथेच अडलेली असते, असा माझा अंदाज.

शटर नेमकं काय करतं

शाळेच्या प्रयोगशाळेतला बन्सन बर्नर आठवा. बुडाशी एक फिरती कडी, तिच्यात भोक. भोक बंद केलं की ज्योत लांब, पिवळी, डुलणारी. उघडलं की आखूड, निळी, आवाज करणारी. आपला बर्नर म्हणजे त्याचाच दांडगा भाऊ. गॅस जेटमधून, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाच्या तोंडातून, जोरात सुटतो आणि सुटताना आजूबाजूची हवा नळकांड्यात ओढून नेतो. ती किती ओढली जाईल हे नळकांड्याच्या तोंडावरचं शटर ठरवतं. ही पहिली हवा. उरलेली, म्हणजे दुसरी हवा, ज्योत पेटल्यावर तिला भोवतालून मिळते.

प्रोपेनची भूक मोठी. १ लिटर प्रोपेन वायू पुरता जळायला जवळजवळ २४ लिटर हवा लागते. यातली कुठूनही कमी पडली की कार्बनचे बारीक कण न जळता तापून चमकायला लागतात. आपल्याला दिसणारा पिवळा रंग त्यांचाच. भांड्याच्या बुडाला लागून ते थंड झाले की त्यांची काजळी होते. काजळी म्हणजे वाया गेलेलं इंधन हे खरंच, पण ज्योत अशी उपाशी असली की कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि त्याला ना रंग, ना वास. म्हणून हा बर्नर उघड्यावरच लावायचा. गॅरेज, शेड, दारं-खिडक्या उघडी ठेवलेली खोली, यातलं काहीच चालणार नाही. ज्योत निळी असली तरी नाही.

उन्हात निळी ज्योत दिसतच नाही

ही माझी पहिली चूक, आणि सगळ्यात हास्यास्पद. निळ्या ज्योतीचा उजेड इतका क्षीण असतो की लख्ख उन्हात ती डोळ्यांना दिसतच नाही. तुम्ही वाकून बघता तर बर्नरवर नुसती हवा थरथरतेय. मन म्हणतं, काहीतरी बिनसलंय. हात आपसूक शटरकडे जातो. ते थोडं बंद केलं की ज्योतीला पिवळी टोकं येतात, ती उन्हातही दिसतात, आणि आपलं समाधान होतं. थोडक्यात, ज्योत दिसावी म्हणून आपणच ती बिघडवतो. संध्याकाळी भांडं उतरवताना तीच ज्योत चांगली वीतभर पिवळी दिसते आणि आपण म्हणतो, "अरे, सकाळी तर बरी होती!"

शटर जुळवायचं ते तिन्हीसांजेला. दिवस मावळल्यावरच्या अर्ध्या तासात ज्योतीचे दोन्ही भाग वेगळे दिसतात: प्रत्येक छिद्रावर आतला छोटा गडद निळा सुळका आणि त्याभोवती फिकट, जांभळट झाक असलेला पसरट भाग. सुळका नीट रेखलेला, टोकदार आणि स्थिर असला की हवा बरोबर. सुळक्याची कड धुरकट होऊन टोकाला पिवळा ठिपका आला की हवा कमी. दिवसाच करायची वेळ आली तर बर्नरच्या मागे एखादा काळा पत्रा उभा करा आणि सावली धरून बघा. पूर्ण नाही, पण बरंच दिसतं. कानही वापरा. हवा कमी असलेली ज्योत जवळपास मुकी असते, बरोबर असलेली सलग घुमते, आणि हवा जास्त झालेली चरचर, फुरफुर करते.

भांडं ठेवलं की सगळं बदलतं

भट्टीवर काम केलेला एक मित्र माझा हा उद्योग बघायला आला होता. मी मोठ्या ऐटीत रिकाम्या बर्नरवर निळी ज्योत दाखवत होतो. तो म्हणाला, "अरे, नुसत्या बर्नरवर काय बघतोस? पातेलं ठेव वर, मग दाखव." ठेवलं. पाच मिनिटांत कडेच्या ज्योती पिवळ्या. "आता हिला जुळव," म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

रिकाम्या बर्नरला भोवतालून हवी तेवढी हवा मिळते. वर मोठ्या बुडाचं भांडं ठेवलं की ज्योतीच्या डोक्यावर छप्पर येतं. जळालेला वायू बाजूंनी बाहेर पडायला धडपडतो आणि ताजी हवा खालून आत यायला. स्टँडला वाऱ्यासाठी पत्र्याची गोल झालर असेल आणि भांडं जवळपास तिच्याएवढंच रुंद असेल, तर दोघांनाही वाट उरत नाही आणि ज्योतीला स्वतःचाच धूर प्यावा लागतो. अशा वेळी शटर कितीही उघडा, फरक पडणार नाही, कारण कमी पडतेय ती दुसरी हवा. भांडं आणि झालर यांच्यात सगळीकडून निदान दोन बोटांची फट हवी. नसेल तर झालर कापा किंवा काढून टाका.

उंचीचंही तसंच. ज्योतीचे आतले गडद सुळके भांड्याला कधीच टेकता कामा नयेत. पाण्यानं भरलेल्या भांड्याचं बूड ज्योतीच्या मानानं थंडगार असतं; सुळका त्याला टेकला की तिथलं जळणं अर्धवट राहतं आणि बुडावर बरोबर त्या छिद्रांच्या नक्षीत काजळीचे ठिपके उठतात. भांडं उलटं करून बघितलंत आणि बर्नरचीच आकृती काळ्या ठिपक्यांत छापलेली दिसली, तर रोग हाच. सगळं बूड सारखं काळं असेल तर मात्र शटरकडे वळा. सुळके टेकत असतील तर गॅस थोडा कमी करा, नाहीतर स्टँडची उंची वाढवून घ्या. सुट्या विटा किंवा लोखंडी चकत्या खाली सारून उंची वाढवायचा मोह होईल. तो आवरा. २५ लिटर उकळतं, साखरेनं चिकट झालेलं वॉर्ट कलंडलं तर ते पाण्यासारखं ओघळून जात नाही, अंगाला धरून राहतं.

ज्योत भांड्याच्या कडेनं वर चढत असेल तर तिच्याकडे ताकद म्हणून कौतुकानं बघू नका. ती उष्णता भांड्याला न मिळता वर निघून जाते, जाता जाता कानाची मूठ तापवते आणि भांड्याला बसवलेल्या तोटीचे वायसर शेकून काढते. ज्योत बुडाच्या काठाच्या आतच संपली पाहिजे.

दोन आचा, दोन खुणा

खरी गोम इथे आहे. समजा २५ लिटर वॉर्ट २० अंशांवरून उकळीला न्यायचंय. त्याला सुमारे ८.४ मेगाज्यूल उष्णता लागते. अर्ध्या तासात न्यायचं तर भांड्याला सतत साधारण ४.७ किलोवॅट पोचले पाहिजेत. एकदा उकळी आली की तापमान वाढत नाही. आता फक्त वाफेपुरती उष्णता द्यायची असते. तासाला ३ लिटर वाफ होऊन गेली असं धरलं तर ६.८ मेगाज्यूल, म्हणजे १.९ किलोवॅट. भांड्याच्या अंगातून निसटणारी उष्णता दोन्हीकडे मिळवली तरी उकळीला लागणारी आच आधीच्या निम्म्याहून कमी.

आता रेग्युलेटरकडे या. ढोबळमानानं जेटमधून सुटणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे आच निम्मी करायला दाब पावपट करावा लागतो. म्हणूनच रेग्युलेटरचा खटका बराच वेळ फिरवला तरी फारसं काही होत नाही आणि शेवटच्या चिमूटभर फिरवण्यात ज्योत एकदम मलूल होते. तो खटक्याचा दोष नाही, ते गणितच तसं आहे. बर्नरच्या जवळ नळीवर एक सुईझडप बसवली तर बारीक आच हातात येते. माझ्या मते या छंदात केलेला हा सगळ्यात शहाणा खर्च.

दाब पावपट झाला की जेटचा जोरही गेला. हवा ओढणारा तोच होता. त्यामुळे मोठ्या आचेला बरोबर बसलेलं शटर बारीक आचेला बरोबर बसेलच असं नाही, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला तो पिवळेपणा नेमका इथून येतो. शटरची एकच 'योग्य' जागा शोधत बसलात तर आयुष्यभर शोधाल. जागा दोन आहेत.

त्या अशा ठरवा. संध्याकाळी, वारा पडलेला असताना, तुम्ही नेहमी जेवढं वॉर्ट उकळता तेवढं साधं पाणी भांड्यात घ्या. जोडण्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. आले तर आज काहीच पेटवायचं नाही. रेग्युलेटर पूर्ण बंद, शटर पाव उघडं. सिलिंडरची झडप सावकाश उघडा. आधी पेटती काडी किंवा लांब लायटर बर्नरशी धरा, मग गॅस थोडा सोडा. आधी गॅस आणि मग काडी असा क्रम झाला तर भपका ठरलेला. पेटल्यावर भांडं चढवा आणि दहा मिनिटं काही करू नका. ओतीव लोखंडाचा बर्नर तापायला वेळ घेतो, आणि थंड बर्नरवरची ज्योत खरं बोलत नाही.

मग गॅस तुमच्या नेहमीच्या मोठ्या आचेवर आणा. शटर हळूहळू उघडत जा, जोवर पिवळं टोक नाहीसं होऊन ज्योत छिद्रापासून सुटायला लागत नाही. सुटली की किंचित मागे. तिथे शटरच्या कडेशी नळकांड्यावर कानशीनं एक बारीक रेघ ओढा. खडूची पुढच्या धुण्यात जाते, रंगाची उतू गेलेल्या वॉर्टखाली. आता पाण्याला उकळी येऊ द्या, गॅस बारीक करा, पृष्ठभाग सतत हलत राहील पण उसळणार नाही इतका. पाच मिनिटं थांबा, परत शटर जुळवा, आणि तिथे दोन रेघा ओढा. माझ्या बर्नरवर दुसरी खूण पहिलीच्या जवळपास बोटभर पुढे आहे, म्हणजे बारीक आचेला शटर जास्त उघडं. तुमच्याकडे अंतर कमी-जास्त भरेल, नळकांड्याच्या लांबीवर ते अवलंबून असतं. शटर गरम असतं, पक्कड वापरा.

आणि शटरचा स्क्रू. माझ्या पहिल्या बर्नरचा तो तासभराच्या धगीनं आणि थरथरीनं इतका सैल व्हायचा की शटर स्वतःच्या वजनानं गरकन बंद व्हायचं. त्याखाली एक स्प्रिंग वायसर घातला, प्रकरण मिटलं.

खुणेवर ठेवूनही पिवळी

मग वाट तुंबलीय. बर्नर महिना-दीड महिना कोपऱ्यात पडून राहतो आणि नळकांड्याचं तोंड म्हणजे कोळ्याला आयतं घर. एकदा मी शटर काढून आत विजेरी मारली तर कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं काहीतरी दिसलं; तारेनं ओढलं तर बोटाच्या पेराएवढी जाळ्याची गुंडाळी बाहेर आली. एवढ्याशा जाळ्यानं निम्मी हवा अडवली होती. कुंभारमाशीनं मातीचं घर केलं तर वाट पुरतीच बंद. बाटल्या धुवायचा लांब ब्रश आरपार फिरवा, आणि ठेवताना नळकांड्याच्या तोंडावर कापड बांधा. पेटवायच्या आधी कापड काढायला विसरू नका, हे सांगायची गरज का पडतेय ते विचारू नका.

दुसरा तुंबारा आपणच करतो. उकळीच्या पहिल्या काही मिनिटांत फेस चढतो, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकले की पुन्हा चढतो, आणि डोळा चुकवून उतू जातो. ते वॉर्ट बर्नरच्या छिद्रांत शिरून जळतं आणि साखरेचा कोळसा तिथे काचेसारखा घट्ट बसतो. त्या दिवशी काही कळत नाही. पुढच्या खेपेला बर्नरच्या एका बाजूची ज्योत आखूड, दुसऱ्या बाजूची लांब. बर्नर थंड झाला की तारेच्या ब्रशनं घासा, एकेक छिद्र योग्य मापाच्या ड्रिलच्या पात्यानं हातानंच फिरवून मोकळं करा, उलटा करून ठोका. गंजाचे पापुद्रेही याच वेळी पडतील. जेटला मात्र पोलादी तार किंवा ड्रिल कधीच लावायचं नाही. ते पितळेचं असतं, भोक केसभर मोठं झालं तरी गॅसचं प्रमाण कायमचं बिघडतं. लाकडी काडी, फुंकर, दाबाची हवा, एवढंच.

नारिंगी ठिणग्या आणि पिवळी ज्योत यांची गल्लत करू नका. निळ्या ज्योतीत मधूनच नारिंगी रेघा उडत असतील तर ती धूळ, गंज किंवा वॉर्टमधले क्षार जळतायत. नव्या बर्नरचा रंग जळतानाही असं होतं. शटरला हात लावू नका, थोड्या वेळानं थांबतं.

ज्योत उडते, किंवा आत शिरते

ज्योत छिद्रापासून वर तरंगते, मध्ये रिकामी फट दिसते, फुरफुर आवाज येतो आणि वाऱ्याची झुळूक आली की विझते: गॅस ज्योतीच्या वेगापेक्षा जोरात सुटतोय किंवा हवा जास्त झालीय. शटर थोडं बंद करा, त्यानं नाही भागलं तर दाब कमी करा. थंड बर्नरवर पहिली दोन-तीन मिनिटं असं होणं साहजिक आहे.

उलटा प्रकार धोक्याचा. गॅस फार बारीक केला की मिश्रण छिद्रातून इतकं सावकाश येतं की ज्योत त्याच्या उलट दिशेनं आत सरकते. 'फट्' असा आवाज होतो, वरच्या ज्योती नाहीशा होतात आणि नळकांड्याच्या आत, जेटच्या तोंडाशीच, घरघर करत जळायला लागतं. वरून बघणाऱ्याला वाटतं विझली. ताबडतोब गॅस बंद करा, कारण मिनिटाभरात नळकांडं आणि शटर लालबुंद होऊ शकतं आणि जवळच नळी आहे. थंड होऊ द्या, मग पुन्हा पेटवा, शटर थोडं कमी आणि गॅस थोडा जास्त ठेवून. वारंवार होत असेल तर बर्नरच्या ओतकामाला चीर गेलीय का बघा.

मॉल्ट भिजत असताना खाली आच देणारे लोक या प्रकारात हमखास सापडतात, कारण त्यांना अगदी मिणमिणती ज्योत हवी असते. मिणमिणती ज्योत या दांडग्या बर्नरला जमत नाही. त्यापेक्षा मध्यम आच दोन मिनिटं द्या, तेवढा वेळ बुडापासून ढवळत राहा, मग बंद करून पाच मिनिटांनी तापमान बघा. मॉल्टचं पीठ बुडाशी बसतं आणि ढवळलं नाही तर बुडाला लागतं. त्या करपट वासाला नंतर काही उतारा नाही, तो थेट ग्लासापर्यंत येतो. मॉल्ट कापडी पिशवीत भिजवत असाल तर पिशवी बुडाला टेकलेली असताना आच अजिबात नको.

ज्योत निळीच आहे, पण हळूहळू मरते

याचा शटरशी संबंध नाही, सिलिंडरकडे बघा. सिलिंडरात प्रोपेन द्रवरूपात असतो आणि वायू व्हायला तो उष्णता मागतो, किलोला साधारण ३५० किलोज्यूल. ही उष्णता तो स्वतःतून, सिलिंडरच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून घेतो. १५ किलोवॅटचा बर्नर पूर्ण सोडला तर ताशी किलोच्या वर गॅस जातो आणि सिलिंडर गार पडत जातो. बाहेरून दवाची, थंडीत चक्क हिमाची रेघ दिसते. ती आतल्या द्रवाची पातळी. सिलिंडर लहान किंवा तळाशी आलेला असला की हे लवकर होतं, कारण उष्णता घ्यायला पत्र्याचा भागच थोडा उरतो. २० अंशांना प्रोपेनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ७ बार जास्त असतो, ० अंशांना पावणेचारच्या आसपास. सिलिंडरात ब्युटेनही मिसळलेलं असेल तर थंडीत आणखी पंचाईत: प्रोपेन आधी निघून जातो, मागे ब्युटेन उरतं, आणि ते ० अंशांच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतं. सिलिंडर हलवला तर आत खळखळतंय, पण ज्योत नाही.

उपाय म्हणजे मोठा सिलिंडर, किंवा तो कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करणं. कोमट म्हणजे हाताला सोसवेल असं. बर्नरच्या धगीजवळ सरकवणं, उकळतं पाणी ओतणं, ज्योत दाखवणं हे प्रकार ऐकून आहे. त्यावर बोलायलाही नको. सिलिंडर आडवाही करायचा नाही, द्रव नळीत उतरतो आणि बर्नरवर ज्वालेचा लोट येतो.

ज्योत सुरुवातीपासूनच मलूल असेल, सिलिंडर भरलेला आणि हवा उबदार असूनही, तर बहुधा सुरक्षा झडप अडकलीय. बऱ्याच रेग्युलेटरांत किंवा जोडणीत अशी झडप असते की गॅसचा लोंढा एकदम आला तर नळी फुटली असं समजून ती वाट आवळते. तुम्ही बर्नरचा खटका उघडा ठेवून सिलिंडर झटक्यात उघडलात की तिला तसंच वाटतं. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, आधी सिलिंडर अगदी सावकाश, मग बर्नर.

वारा

वारा ज्योत पिवळी करतो, उडवतो, विझवतो, आणि नळकांड्याच्या तोंडातून थेट आत घुसला तर 'फट्' सुद्धा करतो. नळकांड्याचं तोंड वाऱ्याकडे कधीच ठेवू नका, आडवं ठेवा. आडोसा दोन-तीन बाजूंनी, बर्नरपासून हातभर लांब, खालून हवा यायला मोकळा. आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेर. पूर्ण वेढा घातला की धग आत कोंडते आणि नळी शेकते. ज्योत विझली तर लगेच काडी ओढू नका. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो वर न जाता जमिनीशी साठतो. गॅस बंद करून पाच मिनिटं जाऊ द्या. या बर्नरांना बहुतेक वेळा ज्योत विझल्यावर आपोआप गॅस तोडणारी सोय नसते, म्हणून तासाभराच्या उकळीत 'आलोच' म्हणून उठून जायचं नाही.

तरीही नाही

साफ आहे, भांडं उंचीवर आहे, वारा नाही, शटर पूर्ण उघडं, तरी दोन्ही आचांना लांब पिवळी ज्योत. मग जेट चुकीचं आहे. नैसर्गिक वायूसाठीच्या बर्नरचं जेट मोठ्या भोकाचं असतं, कारण तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमध्ये जवळपास अडीचपट ऊर्जा असते. तो बर्नर तसाच प्रोपेनला जोडला तर गॅसचा पूर येतो आणि हवा कधीच पुरत नाही. रेग्युलेटरचीही हीच गत. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास गॅस देतो, जास्त दाबाच्या बर्नरला त्यानं जेमतेम मिणमिणता दिवा मिळतो. उलट कमी दाबाच्या बर्नरला १–२ बारचा रेग्युलेटर लावला तर ज्योत हातभर आणि भुवया गायब. बर्नरवर कोणता गॅस आणि किती दाब ते कोरलेलं असतं. ते वाचा, त्याच मापाचं जेट आणि रेग्युलेटर आणा, आणि मग पुन्हा एकदा संध्याकाळी, भांडं वर ठेवून, दोन्ही खुणा नव्यानं ओढा. जुन्या आता उपयोगाच्या नाहीत.